बावखलाच्या अलीकडे

आमच्या आजीला वाडीची हद्द विचारली की ती एकच वाक्य बोलत असे : बावखलाच्या पलीकडे आपले काही नाही आणि बावखलाच्या अलीकडे दुसऱ्याचे काही नाही. हे वाक्य आम्ही भावंडांनी लहानपणी इतक्या वेळा ऐकले होते की ते कधी तपासून पाहावे असे कोणालाही वाटले नाही. पुढे आजी गेली, तिच्यामागून बाबा गेले, वाडीचे तीन तुकडे झाले, त्यांतील दोन विकले गेले. वाक्य मात्र राहिले. पुष्कळ घरांत कौटुंबिक इतिहास म्हणून जे काही असते ते असेच एकदोन वाक्यांत मावणारे असते.

घराण्याची माहिती लिहून काढण्याचा विषय निघाला तो धर्मग्रामाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने. प्रत्येक घराण्याने दोन पाने द्यावीत अशी योजना होती. आम्ही स्नानसंस्काराच्या नोंदवह्या पाहावयास गेलो आणि ज्यांनी ज्यांनी हे काम केले आहे त्यांना ठाऊक असलेली अडचण आमच्यापुढेही उभी राहिली. एकाच आडनावाचे, जवळजवळ एकाच वयाचे तीन आंतोन! त्यांतला आपला कोणता हे आळीच्या नावावरूनच ओळखावयाचे. आणि नोंदवहीतील दोन आळ्यांची नावे आज गावात कोणी घेत नाही. त्या आळ्या कोठे होत्या हे कळण्यासाठी जुना नकाशा हवा, एवढ्या साध्या गरजेतून पुढचे सारे प्रकरण उद्भवले. गावाचे नाव आम्ही येथे देत नाही, त्याचे कारण वाचकांना पुढे कळेल. वसई तालुक्यातील, रेल्वेच्या पश्चिमेचे, केळीच्या बागांचे एक गाव, एवढे पुरे.

भारतीय सर्वेक्षण खात्याने एक इंचास एक मैल या प्रमाणात जे स्थलदर्शक नकाशे काढले, त्यांतील आमच्या भागाचे पत्रक ४७ ए / १५ या क्रमांकाचे. दक्षिणेस दहिसर, उत्तरेस वैतरणेची खाडी, पश्चिमेस समुद्र, पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर. सुमारे सतरा मैल उंच आणि सोळा मैल रुंद असा हा मुलूख एका कागदावर उतरवलेला. किनारपट्टीची व सरहद्दीची पत्रके कित्येक वर्षे सामान्य माणसाच्या हाती पडत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी वेगळी मालिका केली, २०१७ मध्ये ती संगणकावरून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली आणि २०२१ मध्ये निर्बंध आणखी सैल झाले. पण हे सारे नव्या नकाशांचे झाले. आमचे पत्रक दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मोजणीवर आधारलेले, आणि त्याची छायाप्रत आली ती कॅनडात स्थायिक झालेल्या भाच्याकडून, तिकडच्या एका ग्रंथालयातून. आपल्या तळ्याचा नकाशा सातासमुद्रापलीकडून मागवावा लागावा याचे थोडे हसू आले, थोडे वाईटही वाटले. ज्यांना असा भाचा नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात हिंदुस्थानची जी मालिका काढली ती टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने संगणकावर सर्वांसाठी खुली ठेवली आहे. मात्र तीत एका सेंटिमीटरात अडीच किलोमीटर मावतात. आळी दिसण्याची आशा तेथे धरू नये.

नकाशा समोर पसरला म्हणजे तो निर्विकार, सर्वज्ञ असा वाटतो. तो कोणी व कशासाठी काढला हे विसरायला होते. या देशाची शास्त्रशुद्ध त्रिकोणमितीय मोजणी विल्यम लॅम्ब्टन याने सुरू केली ती १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी, म्हणजे संत थॉमस या प्रेषिताने रक्तसाक्ष दिली असे परंपरा मानते त्याच टेकडीच्या परिसरात. सुमारे साडेसात मैलांची एक पायारेषा त्याने साखळीने मोजली व तीवर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत तो उत्तरेकडे निघाला. वीस वर्षांनंतरही तो मोजतच होता. २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वर्ध्याजवळच्या हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. आणि १८०२ च्याच शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, दुसऱ्या बाजीरावाने आमच्या वसईत इंग्रजांशी तह करून पेशवाईचे स्वातंत्र्य गहाण टाकले. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. तथापि एका हाताने तह व दुसऱ्या हाताने मोजणी असे ते राज्य वाढत गेले, हे विसरून नकाशा वाचू नये. त्याही पूर्वी पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई मिळविल्यावर जे एक काम केले तेही यादी करण्याचेच. सिमाँव बोतेल्यो याच्या १५५४ च्या ‘तोंबो’त वसईच्या उत्पन्नाचा हिशोब आहे. सैन्य कोठून जाईल आणि कर कोठून येईल, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत जी माणसे बसत नाहीत ती अशा कागदांवर अपघातानेच उमटतात.

नकाशा काढण्याची रीतही ध्यानात घ्यावयास हवी. पावसाळा सरला की मोजणीदार तिकाटण्यावर एक सपाट फळा ठेवी, त्यावर कागद ताणून बसवी आणि दर्शकपट्टीतून देऊळ, चर्चचा मनोरा, डोंगराचे टोक अशा ठिकाणांवर नजर धरून रेषा ओढी. सामान वाहण्यास खलाशी असत. नावे मात्र दुर्बिणीतून दिसत नाहीत. ती कोणास तरी विचारावी लागतात. वाटेत भेटलेल्या ज्या माणसाने उत्तर दिले, त्याला जे ठाऊक होते व जे सांगावेसे वाटले, तेवढेच कागदावर आले. एक इंचास एक मैल म्हणजे नकाशावरील एक मिलिमीटर हा जमिनीवर सुमारे त्रेसष्ट मीटर. आळी तीनचार मिलिमीटरांत संपते, घर तर दिसणारच नाही. म्हणून जे काही दिसते ते चिन्ह असते, चित्र नव्हे. चर्चचे चिन्ह, बांधीव विहिरीचे, कच्च्या विहिरीचे, पायवाटेची तुटक रेषा, बारमाही पाण्याचा निळा रंग, लागवडीचा पिवळा. उंची दाखविणाऱ्या तपकिरी रेषा पन्नास फुटांच्या अंतराने काढलेल्या. आणि एखाददुसरी टेकडी सोडली तर आमच्या साऱ्या किनारपट्टीवर अशी रेषाच नाही. नकाशाच्या दृष्टीने आमची भूमी सपाट. पाणी कोठे साचेल व कोठून वाहील हे येथे डोंगराने ठरविलेले नसून शेतकऱ्याच्या कुदळीने ठरविलेले आहे. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरार पाण्याखाली गेली, मिठागरांतील माणसे अडकून पडली, तेव्हा हा कागद कोणाच्या टेबलावर असता तर पाणी कोठे थांबले याचे आश्चर्य वाटले नसते.

आळ्यांपैकी एकीचे नाव मिळाले, दुसरीचे नाही. तिसऱ्या आंतोनचा निकाल लागला, तो आमचा नव्हता. पण तोवर आमचे लक्ष भलतीकडेच गेले होते. आजीचे बावखल नकाशावर होते.

बावखल हा शब्द वसईबाहेरच्या वाचकांना कदाचित परका असेल. वाडीच्या कडेला खणलेले हे मोठे तळे. पावसाचे पाणी त्यात उतरते, जमिनीत मुरते, विहिरी गोड राखते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत येऊ देत नाही. त्यावर रहाट असे. बैल किंवा रेडा गोल फिरे, पोहऱ्यांची माळ वर येई आणि पाणी पाटाने केळी व पानवेलींना जाई. नकाशावर आमचे बावखल म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा निळा ठिपका. प्रत्यक्षात तेथे आज चार मजल्यांची इमारत आहे. बिल्डरांनी बावखले बुजविली, वसई पोरकी केली, असे आम्ही कितीदा तरी बोललो आहोत, सभांतही बोललो आहोत. ते खोटे नाही. परंतु यावेळी आम्ही तलाठ्याकडून जुने सातबारे व फेरफार काढले. त्या गटातील बावखलाची नोंद ‘पोटखराब’ अशी आहे. ज्याच्यावर सारी वाडी पोसली ते तळे महसुलाच्या भाषेत पोटखराब, कारण त्यात पीक उभे राहत नाही! आणि खरेदीखतावर ज्या चार सह्या आहेत त्या आमच्याच बाबांच्या व काकांच्या. बावखल बुजविणाराला ते विकले कोणी, हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

तरीही एवढ्यावर भागले असते. मुलींची लग्ने, आजारपणे, पडलेले भाव. विकणाऱ्यांची कारणे आम्हांला माहीत आहेत. खरी अडचण निळ्या ठिपक्याच्या अलीकडे होती. तेथे, जेथे दुसऱ्याचे काही नाही असे आजी म्हणे तेथे, झोपड्यांचे चिन्ह असलेले चार बारीक चौकोन होते. नाव नव्हते. चार चौकोन म्हणजे चारच झोपड्या असे नव्हे. वस्ती होती, एवढेच मोजणीदार त्यातून सांगतो. एक तुटक रेषा त्या चौकोनांपासून निघून निळ्या ठिपक्यापर्यंत जात होती.

थोरले काका आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांना भिंग देऊन आम्ही ते दाखविले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गड्यांची खोपटी ती. रहाटावरचे.” तुम्ही कधी सांगितले नाहीत, असे आम्ही म्हणताच ते म्हणाले, “तुम्ही कधी विचारलंत?”

त्यानंतर चार-पाच दिवस ते थोडे थोडे सांगत राहिले. दोन पिढ्या ती आदिवासी कुटुंबे तेथे राहत होती. रात्री शिंपणे त्यांचे, बांध घालणे त्यांचे, बावखलातला गाळ उन्हाळ्यात काढणे त्यांचे. कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारी कुळे मालक मानली गेली. पण ही माणसे कूळ नव्हती, गडी होती. कोणत्याही उताऱ्याच्या कोणत्याही रकान्यात ती नव्हती. पुढे इंजिने आली, रहाट थांबले आणि खोपटी रिकामी झाली. कोणी हाकलले नाही, असे काका दोनदा म्हणाले. ती रेल्वेच्या पूर्वेला, तुंगारेश्वराच्या पायथ्याच्या एका पाड्यावर गेली असे त्यांनी ऐकले होते.

आम्ही काकांना घेऊन तेथे गेलो. त्या घरातील एक वृद्ध गृहस्थ काकांहून थोडे लहान. लहानपणी ते त्याच खोपटात होते. त्यांना वाचता येत नाही. आम्ही नकाशा उलगडून उत्तर-दक्षिण समजावू लागलो तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, दर्या कोणत्या अंगाला? तो दाखविताच त्यांनी कागद स्वतःच्या हाताने फिरवून सरळ केला आणि बोट त्या तुटक रेषेवर ठेवले. “इथं जांभूळ होतं,” ते म्हणाले. जांभूळ नकाशावर नव्हते, आमच्या आठवणीतही नव्हते. काकांनी मान हलविली. होते.

निघताना त्यांच्या सुनेने आम्हांला बाहेर गाठून एक प्रश्न विचारला. तिच्या मुलीला महाविद्यालयात प्रवेशासाठी जमातीचा दाखला हवा होता. आपल्या राज्यात अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागतात. त्यांच्या घरात त्या काळी कोणी शाळेत गेले नव्हते, जमीन नव्हती. गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदीत, शोध घेतला होता. नाव सापडले नाही. “तुमच्याकडे आमचं नाव लिहिलेलं काही आहे का?” असे तिने विचारले.

होते. आजीच्या पेटीत एक वही आहे. ती आम्ही पूर्वीच पाहिली होती आणि काही न बोलता मिटून ठेवली होती. तीत खावटीचा हिशोब आहे. पावसाळ्यात दिलेले भात, त्याची वाढी, फेडीत धरलेले दिवस. एका पानावर लग्नाच्या खर्चासाठी दिलेली रक्कम आहे, माणसाचे नाव आहे, साल आहे. आणि पुढची अकरा वर्षे ती रक्कम फिटलेली नाही. लग्नासाठी कर्ज घेऊन सावकाराकडे राबणाऱ्याला ठाणे जिल्ह्यात लग्नगडी म्हणत. असे राबवून घेणे १९७६ च्या कायद्याने वेठबिगार ठरले. वहीतले साल त्याच्या कितीतरी आधीचे आहे. अक्षर आजोबांचे, सुबक.

वही द्यावी की नाही यावर आमच्या घरात आठवडाभर जे बोलणे झाले ते येथे मांडतो, कारण ते आमच्यापुरते नाही असे आम्हांला वाटते.

आमच्यातील एकाचे म्हणणे असे की आजोबांनी त्या काळचा कोणताही कायदा मोडला नव्हता. सारेच तसे करीत. आजच्या मापाने कालच्या माणसाला मोजणे हा अन्याय आहे. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. आपण स्वतः पुढच्यांच्या मापात किती उतरू याची खात्री कोणाला आहे? परंतु ‘काळ तसा होता’ या वाक्यात एक चोरवाट आहे. काळ वही लिहीत नाही. आजोबा दर रविवारी मिस्साला जात, उपवासाच्या दिवशी भिक्षेकऱ्याला शिधा देत, आणि सोमवारी वहीत दिवस मांडीत. त्यांच्या मनात यांतील विसंगती कधी आली असेल काय, हे आम्हांला कळण्याचा मार्ग नाही. न आली असे गृहीत धरणे ही त्यांच्या बुद्धीची अवहेलना ठरेल, आली असे धरणे त्यांच्या अंतःकरणाची.

दुसरीचा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा होता. चौथी आज्ञा आईबापांचा मान राखण्यास सांगते. मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही. त्याच्या पेटीतली वही परक्याच्या हाती देणे हा मान राखणे आहे काय? यावर तिच्या मुलाने विचारले, आणि आठवी? तिचे काय? खोटी साक्ष देऊ नये हे खरे, पण गप्प बसणे ही साक्ष असते की नाही, यावर मग बराच खल झाला. आम्हांला वाटते, ज्याची साक्ष कोणी मागितलेली नाही त्याचे मौन हे मौनच असते. पण मागितल्यानंतर तसे राहत नाही. त्या बाईने अंगणात उभे राहून विचारले त्या क्षणापर्यंत वही आमची होती.

शिवाय अपराध व ऋण यांत आपण गल्लत करतो. आजोबांचा अपराध असेल तर तो त्यांचा. त्याचा निवाडा ज्याच्यापुढे व्हावयाचा त्याच्यापुढे तो झाला आहे. वारशाने अपराध येत नाही. ऋण मात्र येते, आणि हे आम्हां शेतकऱ्यांना कोणी शिकवावयास नको. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो, त्यात बोजा लिहितात. जमीन घेतली आणि बोजा नाकारला असे करता येत नाही. आमच्या सातबाऱ्यावर तो रकाना कोरा होता. न लिहिलेला बोजा बोजा असतो का, हाच काय तो प्रश्न. जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकात शेजाऱ्याची शीव सरकविणाऱ्याला शाप सांगितला आहे, हे लहानपणापासून ऐकत आलो. शीव दगड सरकवूनच सरकते असे आम्ही समजत होतो. आजीने एकही दगड हलविला नव्हता.

आमच्याच समाजाला हे कळावयास जड जाऊ नये. मुंबईत अंधेरीच्या पूर्वेला कोंडिवट्यास जेजुइटांनी १५७९ मध्ये बांधलेले संत योहान बाप्तिस्ता चर्च आहे. १८४० मध्ये साथ आली, गाव उठून मरोळला गेले, चर्च ओस पडले. १९७३ मध्ये तो सारा परिसर निर्यात-उद्योगांच्या वसाहतीत गेला. सीप्झच्या कुंपणाआत आज ते भग्न अवशेष उभे आहेत. तेथे कोणी राहत नव्हते, असे कोणी म्हटले की आपल्याला किती झोंबते! त्या भिंती कोणाच्या, ती माती कोणाची, हे आपण पुन्हापुन्हा सांगतो, आणि सांगावयासच हवे. पण तेथे निदान दगडी भिंती आहेत. कुडाच्या खोपटाला पन्नास पावसाळ्यांनंतर सांगण्यासारखे काही उरत नाही; कोणा मोजणीदाराने काढलेले चार चौकोन तेवढे राहिले.

येथे आम्हांला एक गोष्ट मान्य करावीशी वाटते. आठवण ही माणसांना धरून ठेवते आणि नकाशा जागेला, असे आम्ही आरंभी समजत होतो. म्हणून आजीचे वाक्य अधिक मानवी व सर्वेक्षण खात्याचा कागद कोरडा वाटत होता. प्रत्यक्षात परक्या सरकारच्या पगारी माणसाने, ज्याला आमच्याशी वा त्यांच्याशी काही देणेघेणे नव्हते, जे दिसले ते काढले. आणि जिने त्या खोपट्यांतल्या मुलांना खरोखर आपल्या हाताने जेवू घातले होते (हेही काकांनीच सांगितले) त्या आजीने आपल्या वाक्यात त्यांना जागा ठेवली नाही. ममता होती, पण ममता असूनही हद्द सांगताना ती माणसे तिला दिसली नाहीत. याचा उलगडा आम्हांला झालेला नाही. कदाचित मालकीचे वाक्य बोलताना माणसाचा आवाज त्याचा स्वतःचा राहतच नसेल.

वही द्यावयाचे ठरले ते काकांमुळे. आमचा वाद ऐकून ते कंटाळले आणि म्हणाले, “पोरीचा दाखला अडलाय ना? मग वही कोणाची यावर काय बोलताय?” प्रत द्यावी, मूळ ठेवावे, असेही एक मत निघाले. ते काकांना पटले नाही.

पण खासगी वहीवर दाखला मिळत नाही, निदान केवळ तेवढ्यावर मिळणे अवघड. अधिकाऱ्याला सरकारी नोंद हवी असते. येथे तो नकाशाच पुन्हा उपयोगी पडला. आम्ही भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा मिळविला आणि त्यावरील बावखल व पायवाट स्थलदर्शक पत्रकाशी जुळवून पाहिली. दोन्हींची प्रमाणे वेगळी, त्यामुळे पट्टी व कंपास घेऊन दोन रात्री गेल्या. दोन गावांची शीव आम्ही समजत होतो तशी बावखलावरून जात नाही. ती बावखलाच्या अलीकडून, आमच्या वाडीच्या मधूनच जाते. ते चार चौकोन महसुलाच्या दृष्टीने आमच्या गावात नव्हतेच. शेजारच्या गावात होते. त्या कुटुंबाने आमच्या गावाचे कोतवाल बुक पाहिले होते, कारण आपण अमक्या गावचे गडी असेच ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. वहीतील नाव घेऊन आता दुसऱ्या गावच्या नोंदी पाहावयाच्या आहेत.

अर्ज दिला आहे. वही त्या मुलीकडे आहे. ती पाने तिने स्वतः वाचली. लग्नाच्या खर्चाचे पान आम्ही तिला आधी सांगून ठेवावे असे ठरवून गेलो होतो, पण आमचे शब्द जुळेपर्यंत तिने ते उघडले होते. तिने अकरा वर्षांचे आकडे बोटाने खाली खाली मोजले आणि मग आजोबांचे अक्षर चांगले आहे असे म्हणाली. तिच्या आजोबांनी काकांना आत बोलावून चहा दिला. दोघे जांभळाविषयी बोलत होते. ते कधी तोडले यावर त्यांचे एकमत होत नव्हते.

स्मरणिकेची दोन पाने अजून आमच्याकडेच आहेत. आजीचे वाक्य पहिल्याच ओळीत घातले आहे. नकाशाचा तेवढा तुकडा मोठा करून छापावा असे ठरले, आणि चौकोनांपाशी नाव लिहावे की नाही हे त्या घरच्या माणसांना विचारून ठरवावयाचे आहे. येत्या रविवारी काका पुन्हा पाड्यावर जाणार आहेत. आम्ही विचारले, गाडी कधी आणू? तर म्हणाले, मिस्सानंतर लगेच. आणि ते भिंग बरोबर घ्या.